पैले हसून दाखवा

"पैले हसून दाखवा. दुखतं कुठं ते मागनं सांगा."

गाल भोपळ्यासारखा सुजलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, चार कोसांवरून बैलगाडीत हेलकावे खात आलेला माणूस, आणि त्याला दातवाले चाचा हसायला सांगायचे. पत्र्याच्या चौकटीतला हातभर आरसा ते आधी सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, मग त्याच्या तोंडासमोर धरायचे. माणूस चिडायचा, कण्हायचा, शेवटी कसनुसा का होईना हसायचा. चाचा मान हलवायचे आणि मगच चिमट्याला हात लावायचे.

मी एकदा विचारलं होतं, हे कसलं खूळ म्हणून. तर म्हणाले, "बाई, दुखरा दात माणूस आपणहून दाखवतो. लपवायचा दात हसल्याशिवाय दिसत न्हाई."

मी त्यांच्यासमोर कधीच हसले नव्हते. का, ते सांगते.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास मी मुरुमला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळेची दप्तरं, कचेरीतल्या पाट्या, सगळं उर्दूतून मराठीत चाललेलं. चाचांची पाटीही उर्दूत होती. एके दिवशी रंगाचा डबा घेऊन ते शाळेच्या दारात उभे राहिले. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणतात. माझं दुकान तेवढं मराठी करून द्या." मी 'येथे दात बसवून मिळतील' असं लिहून दिलं. ते बघून म्हणाले, "खाली 'हसून दाखवावे' बी लिहा." तेही लिहिलं. बाजाराच्या तोंडाशी त्यांची एकखणी खोली, आणि तिच्या मागं मी भाड्यानं राहत होते. तेव्हापासून ओळख.

त्या खोलीत फळीवर पांढऱ्या मातीचे साचे मांडलेले असत. कवळीसाठी घेतलेले लोकांच्या जबड्यांचे ठसे. सगळं मुरुम त्या फळीवर दात विचकून बसलेलं. चाचा ओळख करून द्यायचे, "हे आडतवाले. हे जुने पाटील, बिचारे गेले, पण कवळी न्यायला आले न्हाईत." चाचांचं सगळं कुटुंब निजामी गेल्यावर हैदराबादेला जाऊन राहिलं होतं. भाऊ, मुलगा, सून, सगळे. हे एकटे मागं राहिले. लोक विचारायचे, तुम्ही का नाही गेलात. ते फळीकडं बोट करायचे. "अर्ध्या गावाचे दात अर्धवट हायेत. सोडून कसा जाऊ?"

आता माझं. लोहाऱ्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्या गावच्या माणसांचे दात तपकिरी. नुसते पिवळे नव्हेत, गंजल्यासारखे पट्टे, मधूनच खडूसारखे पांढरे डाग. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगाचे दात असेच असतात. मुरुमला आले तेव्हा समजलं की नसतात. मग मी पदर तोंडावर धरायला शिकले. फळ्याकडं तोंड करून शिकवायचे. मुली म्हणायच्या, आमच्या बाई लई कडक, कधी हसत न्हाईत. कडक कसली, मला हसायची चोरी होती.

आई-वडील नव्हते. वाढवलं दादानं, माझ्या थोरल्या भावानं. त्याचेही दात तसेच, पण त्यानं सोळाव्या वर्षापासून पान-तंबाखू धरली होती, त्यामुळं कुणाला कळत नसे की रंग जन्माचा आहे की कातचुन्याचा. बाईच्या जातीला ती सोय नाही. तीन स्थळं आली आणि गेली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "पोरगी चांगली हाय हो, पण ही खोड पोराबाळांत उतरंल."

तेव्हा दादा मला चाचांकडं घेऊन गेला. सरळ म्हणाला, "चाचा, हिचे पुढचे सहा दात काढून टाका. नवे बसवा."

चाचांनी आरसा पुसला. "हसून दाखवा, बाई."

मी हसले नाही. ओठ तेवढे उघडले. त्यांनी बोटानं एकेक दात हलवून पाहिला, सळईनं टकटक केलं. मग दादाकडं वळून जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "दगडासारखे दात हायेत. नुसता वरचा रंग खराब हाय. तुमच्या घराची भिंत काळी पडली तर तुम्ही घर पाडता का? सफेदी करता ना?"

"पण ही खोड..."

"खोड न्हाई, पाणी हाय. तुमच्या गावचा जो येतो तो असंच तोंड घेऊन येतो. बामण येवो, मराठा येवो, आमचा मोमीन येवो. समद्यांचा आड एक. ज्यांचं बचपन दुसऱ्या गावात गेलं, त्यांचे दात साफ." पुढं कितीतरी वर्षांनी शिकलेल्या लोकांनी येऊन हेच सांगितलं, पाण्याच्या बाटल्या भरून नेऊन. चाचांना ते नुसत्या नजरेनं समजलं होतं.

दात काढायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, वरून पापुद्रे बसवतो. हैदराबादेला ज्या डॉक्टरच्या हाताखाली ते शिकले, तो नाटकातल्या बायकांना असे करून द्यायचा. कवळीच्या पांढऱ्या मसाल्याचे, नखाहून पातळ. दाताला धक्का नाही, कापाकापी नाही. एका चिकट पुडीनं बसवायचे, दोन-चार दिवस राहतात, मग काढून धुऊन पुन्हा बसवायचे.

रंग ठरवायला त्यांनी काय केलं माहीत आहे? मूठभर शाळू मागवला. ज्वारीचे दाणे एकेक करून माझ्या ओठापाशी धरायचे, मागं सरून बघायचे, टाकून द्यायचे. मला वाटलं सगळ्यांत पांढरा दाणा निवडतील. त्यांनी निवडला तो जरा पिवळसर, जुन्या साईच्या रंगाचा. मी हिरमुसले. ते म्हणाले, "एकदम सफेद खोटं दिसतं, बाई. देवानं कुणालाच तसे दिले न्हाईत."

पंधरा दिवस ते पायानं चाक फिरवून ते पापुद्रे घासत होते. माझ्या खोलीत आवाज यायचा. मी वह्या तपासत बसायचे आणि ऐकायचे. कधी मध्येच आवाज थांबायचा, म्हणजे एक तुटला. मग पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मी विचारलं, चाचा, इतकं झाकावं लागतं म्हणजे मी इतकी वाईट दिसते का. ते चाक थांबवून बसले. "माझी बीवी काळ्या दातांची होती," म्हणाले. "आमच्यात लगीन झालं की मिस्सी लावायचे, दात काळे करायचे, त्याच्याबिगर नवरी शोभायची न्हाई. काळ्या दातांनी ती अशी हसायची की मी कामाला जायचं विसरायचो. आता समद्यांना सफेद पाहिजेत. उद्या आणखी काय तरी पाहिजे असंल. दात तेच हायेत, बाई." मग पुन्हा चाक फिरवायला लागले.

सहाही पापुद्रे बसले त्या दिवशी त्यांनी आरसा पुढं केला आणि मी हसले. आपणहून. आरशात दुसरीच कुणी बाई होती, आणि तिचं सगळं चांगलं होणार होतं असं मला वाटलं. चाचांनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच ताकीद दिली. "ऊस न्हाई, पेरू न्हाई, सुपारी न्हाई, भाकरीचा काठ न्हाई. दातानं काहीच तोडायचं न्हाई. आन् एक. नवऱ्याच्या घरी सांगून टाकायचं. दागिना म्हणून सांगा. सांगितलं तर दागिना, लपवला तर चोरी."

दादानं "सांगतो की" म्हटलं. त्यानं सांगितलं नाही. आणि दादाच्या नावानं कशाला खडे फोडू, मी तरी कुठं सांगितलं?

स्थळ भूमकडचं. लांबचं, म्हणून दादाला पसंत. मुलगा माझ्यासारखाच मास्तर. बघायला आले, मी हसले, जमलं. लग्न गावी करायची सोयच नव्हती, सगळं गाव तपकिरी. म्हणून मुरुमला घेतलं. दादानं गावाकडच्या पाहुण्यांना आधीच बजावलं होतं, मांडवात कुणी हसायचं नाही. आमची एक चुलती म्हणाली, "आरं, लगीन हाय का मयत?" पण तीही तोंडाला पदर लावून बसली. आमच्या बाजूची पन्नास माणसं, सगळी गंभीर. वऱ्हाडी आपसात म्हणत होते, मंडळी लई घरंदाज दिसतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी चाचांनी पापुद्रे नव्यानं बसवून दिले. शेवटी विचारलं, "बाई, तुमच्या लग्नात खायचा काही रिवाज हाय का? आमच्यात मिठाई भरवतात."

मी म्हणाले, "आमच्यातही घास भरवतात. मऊ असतं."

आता तुम्हाला ठाऊक आहेच, घास भरवून झाला की बायका नवरा-नवरीला विडा तोडायला बसवतात. नवरीनं दातांत विडा धरायचा, नवऱ्यानं त्याचं दुसरं टोक दातानं तोडायचं. विडा झाला की लवंग, लवंग झाली की खोबऱ्याचा तुकडा. नवरीच्या बाजूच्या बायका ओरडतात, सोडू नको, घट्ट धर. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण बापाच्या वयाच्या माणसाला कसं सांगायचं, की नवरा माझ्या तोंडाजवळ तोंड आणून...? लाज वाटली. त्या लाजेनं घात केला.

विडा निभावला. लवंगही निभावली. चाचा मांडवाच्या कडेला आपली लहान पेटी मांडीवर घेऊन बसले होते, दादानं आग्रहानं बोलावलं होतं. खोबरं माझ्या दातांत दिलं तेव्हा ते उठून उभे राहिलेले मी पाहिले. त्यांचा हात वर झाला होता. तेवढ्यात यांनी खोबरं ओढलं.

कट्ट असा आवाज झाला. यांनी आधी स्वतःच्याच दातांवरून जीभ फिरवली. त्यांना वाटलं आपलाच दात तुटला. मग तोंडातून तळहातावर काढलं, तर खोबरं आणि त्याला चिकटलेले दोन पापुद्रे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर वर न्यायच्या आत पाहिलं.

यांची मामी म्हणाली, "फसवलं. खोड असलेली पोरगी गळ्यात बांधली."

नवऱ्याकडचे उठायला लागले. आणि तेव्हा दादा, माझा दादा, चाचांकडं बोट करून ओरडला, "खोड न्हाई हो. माझ्या बहिणीचे दात मोत्यासारखे होते. ह्या दातवाल्यानं कसलं तरी औषध लावून जाळले. आन् आपलं पाप झाकायला हे वरून चिकटवलं. इचारा त्याला."

आमच्या गावची पन्नास माणसं तिथं होती. प्रत्येकाच्या तोंडात खरं काय ते होतं, आणि पन्नासही तोंडं मिटलेली राहिली. माझंही.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रंग जुळवताना दाण्याकडं बघायचे तसं, नीट, वेळ घेऊन. मग म्हणाले, "हौ. माझ्या हातून बिघडले. पोरीचा कसूर न्हाई."

निजामी जाऊन तेव्हा पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांच्यासारख्या एकट्या माणसानं भरल्या मांडवात अशी कबुली द्यायची म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. कुणीतरी त्यांची पेटी लाथाडली. कुणीतरी गळा धरला. सासरे मध्ये पडले म्हणून मारायचे थांबले. ते खाली बसून हत्यारं गोळा करत होते तेव्हा त्यांची टोपी एका पोरानं पळवली. बोडक्या डोक्यानं ते मांडवातून गेले. आणि माझं लग्न मोडलं नाही. उलट सासूबाईंनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, "बिचारीचं नशीब."

चार महिन्यांनी माहेरपणाला आले, तेव्हा मुरुमला जाऊन मागच्या दारानं त्यांच्याकडं गेले. दुकान उघडं होतं, पण चाकावर धूळ होती. कोण जाणार त्यांच्याकडं? दात जाळतो म्हणून बोभाटा झाला होता. मला बघून त्यांनी सवयीनं आरसा पुसायला घेतला, आणि ठेवून दिला. मी रडले. म्हणाले, चाचा, मी सगळ्यांना खरं सांगते, आजच्या आज बाजारात उभी राहून सांगते.

"अब्बी नक्को," ते म्हणाले. "आत्ता सांगाल तर आणून टाकतील भावाच्या दारात. एक मूल होऊ द्या. आई झालेल्या बाईला कुणी काढत न्हाई. मग सांगा."

"तोवर तुमचं?"

"तोवर थोडं काम कमी." हसले. "तुमचा भाऊ दात काढा म्हणत होता, बाई. म्या न्हाई काढले. तुमचे तुमच्यापाशी हायेत. मला तेवढं लई हाय. पण मूल झालं की सांगा. माझा हात बदनाम ठेवू नका."

मी त्यांच्या पायावर हात ठेवून कबूल केलं.

मूल झालं. मुलगा. भूमकडच्या विहिरीचं पाणी चांगलं. त्याचे दात आले ते पांढरेशुभ्र. सासूबाई त्याचं तोंड उघडून आल्यागेल्याला दाखवायच्या, "बघा, आईची खोड असती तर उतरली नसती का? त्या मेल्यानंच जाळले हिचे दात." मी स्वयंपाकघरात ऐकायचे. त्या दिवशी बोलायचं होतं. बोलले नाही. म्हटलं, दुसरं होऊ दे. दुसरी मुलगी झाली, तिचेही तसेच. माझ्या लेकरांचा एकेक दात चाचांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उगवत होता, आणि मी तो दात आला म्हणून कौतुक करत होते.

सहा वर्षं अशी गेली. मुलाचा पहिला दुधाचा दात पडला, तो तळहातावर घेऊन बसले, तर अगदी त्या शाळूच्या दाण्याच्या रंगाचा. जुन्या साईच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हे हजामत करत होते, त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. आड, दादा, मांडव, कबुली. त्यांनी वस्तरा पुसला, म्हणाले, "मग त्या म्हाताऱ्याला भेटून ये." एवढंच. या एका वाक्याच्या भीतीनं मी सहा वर्षं काढली होती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दशम्या बांधून दिल्या.

उस्मानाबादला आणि उमरग्याला एसटी बदलत मुरुमला पोचले. बाजाराचा दिवस होता. चाचांच्या खोलीत एक शिंपी बसला होता. ओळखीचा नव्हता, नवा आलेला. भिंतीवर तोच आरसा, गिऱ्हाइकाला सदरा घालून बघायला.

मी विचारलं, इथले दातवाले चाचा कुठं गेले.

"वारले की. गेल्या थंडीत." त्यानं मशीन थांबवलं नाही. "दात बसवायला कुणी येईना त्यांच्याकडं. शेवटी शेवटी दातवणाच्या पुड्या विकत बसायचे इथं दारात. कुणी घ्यायला थांबलं की म्हणायचे, हसून दाखवा. लोक म्हणायचे, म्हातारं फिरलंय." मग कैचीनं धागा तोडत म्हणाला, "भूमकडनं कुणी आलं का, म्हणून एसटीच्या वेळेला इचारायचे. कोण येणार होतं, कुणास ठाऊक."

तोंडावरचा पदर कधी सुटला मला कळलं नाही. शिंप्यानं वर पाहिलं, त्याची नजर माझ्या दातांवर थांबली, आणि तो कळवळून म्हणाला, "अरारा. तुमचे बी त्यांनीच बिघडवले का, बाई? लई जणांचे बिघडवले म्हणतात."

"नाही," मी म्हणाले. "हे आमच्या आडाच्या पाण्यानं झालेत. जन्मापासून. त्यांनी काही बिघडवलं नाही."

सदरा न्यायला आलेली दोन माणसं होती, ती बघायला लागली. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. शाळेत पाढे म्हणून घेतो तसं. मग बाजारातली आणखी चार माणसं थांबली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, दादाचं, पन्नास माणसांचं, माझं. एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय उपयोग, बाई? तेव्हा सांगायचं." बरोबर बोलला.

माणसं पांगली. मी भिंतीवरचा आरसा काढून घेतला. काच धुळीनं भरली होती. पदराच्या टोकानं पुसली, आणि त्यात बघून, ते सांगायचे तसं, हसून दाखवलं.